लाईट गेली, अपडेट आलं आणि जुना कॉम्प्युटर पुन्हा अडला: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

सांगली-मिरजेतल्या पतसंस्था, मार्केट यार्डातली अडत दुकानं, तासगावचे बेदाणा व्यापारी, तालुक्याच्या गावातल्या शाळा, सगळीकडे २०१० ते २०१७ च्या दरम्यान घेतलेले डेस्कटॉप अजून रोज कामाला आहेत. त्यांची तक्रारही ठरलेली. मशीन चांगलं चालत असतं, एक दिवस चालूच होत नाही किंवा प्रिंटर ओळखत नाही किंवा बँकेची साइट उघडत नाही. कोणीतरी येऊन फॉरमॅट मारून देतं. महिना-दोन महिने बरे जातात आणि परत तेच.

फॉरमॅट मारल्यावर दोष परत येतो, कारण बहुतेक वेळा तो विंडोजच्या फाइलींमध्ये नसतोच. ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या हार्डवेअरची साथ एका दिवसात, एका ठिकाणी सोडत नाही. प्रोसेसरची साथ वेगळ्या तारखेला सुटते, ड्रायव्हरची वेगळ्या, ब्राउझरची आणि साइट खरी असल्याची खूण असलेल्या डिजिटल प्रमाणपत्रांची आणखी वेगळ्या. यातलं नेमकं काय सुटलंय हे ओळखलं तर बरीच मशीन थोड्या खर्चात पुढची काही वर्षं चालतात. म्हणून पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा विचारू नका, 'कधी बिघडतं' हा विचारा: भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून परत चालू केल्यावर, अपडेट झाल्यावर, ठरावीक साइट उघडताना, की सारखंच.

सकाळी चालू करताना किंवा लाईट जाऊन आल्यावर अडतं

आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे मदरबोर्डवरच्या सेलवर जास्त भार येतो. बटण चालू असतं तेव्हा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद झालं की घड्याळ आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डातल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज त्या एका सेलवर टिकतात. सेल सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर तो संपलाय असं समजा. वळवाच्या पावसात लाईट दिवसातून चारदा जाते, तेव्हा हा दोष एकदम वर येतो आणि लोकांना वाटतं की वीज पडून मदरबोर्ड गेला.

लक्षणं तीन. तारीख मागे जाऊन २००९ किंवा २०१२ दाखवते. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एफ-१ दाबायला सांगतं. आणि तिसरं, ज्यामुळे सगळ्यात जास्त मशीन विनाकारण फॉरमॅट होतात: निळा पडदा, त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' किंवा शेवटी ७ आणि बी असलेला कोड.

हा निळा पडदा का येतो ते नीट समजून घ्या. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नावाची एक सेटिंग असते: जुनी आयडीई किंवा नवी एएचसीआय. विंडोज टाकताना जो मोड होता त्याचाच ड्रायव्हर विंडोज सुरुवातीला लोड करते. सेल संपला की बायोस कारखान्याच्या सेटिंगवर जातो, आणि त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांची मूळ सेटिंग आयडीई असते. विंडोज एएचसीआयवर टाकलेली असेल तर तिला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. डिस्क चांगली असते, डेटा जागच्या जागी असतो. मोड बदलून बघितल्यानं डेटा जात नाही, म्हणून बिनधास्त दुसरा मोड लावून पाहा. याच कारणानं कधी कधी बूट मोडही यूईएफआय या नव्या पद्धतीवरून लेगसी या जुन्या पद्धतीवर गेलेला असतो, तेव्हा मात्र निळा पडदा न येता 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येतो.

सेल बदलायची पद्धत अशी. मशीन चालू असेल तेव्हाच बायोसमध्ये जाऊन साटा मोड, बूट मोड, सिक्युअर बूट आणि बूट ऑर्डर या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिस्क बिटलॉकरनं (विंडोजच्या डिस्क-कुलपानं) लॉक असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, कारण बायोसमधला बदल पाहून विंडोज ती मागू शकते. मग मशीन बंद करा, पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सेलच्या बाजूची क्लिप नखानं मागे सारली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. चालू करून लगेच बायोसमध्ये जा, तारीख-वेळ लावा, फोटोप्रमाणे बाकीच्या सेटिंग्ज लावा, सेव्ह करा. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. गठ्ठ्यातले बिननावाचे सेल मात्र घेऊ नका. ते वर्षभरही टिकत नाहीत.

नवा सेल टाकूनही महिन्याभरात तारीख मागे गेली तर मदरबोर्डावर कुठेतरी सेलची वीज गळतेय. कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात राहिलेल्या मशीनमध्ये हे दिसतं. अशा बोर्डावर सेलच्या आजूबाजूला हिरवट-पांढरा थर शोधा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं तो साफ करून पाहता येतं, पण पुरातल्या मशीनचा एसएमपीएस आणि हार्ड डिस्क परत वापरायच्या नाहीत, चालू होत असल्या तरी.

साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतं

आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती चुकली असेल तर वर सांगितलेला सेलचाच दोष आहे. प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१२ सालात असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं.

तारीख बरोबर असूनही काही साइट उघडतात आणि काही नाहीत, असं विंडोज ७ वर होत असेल तर मूळ प्रमाणपत्रांची (ज्यांच्या भरवशावर साइटची प्रमाणपत्रं मानली जातात त्यांची) यादी जुनी झालीय. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था कोट्यवधी साइटना फुकट प्रमाणपत्रं देते. तिची साखळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राला जोडलेली होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. ज्या मशीनचे अपडेट बंद होते त्यांना नवं मूळ प्रमाणपत्र मिळालंच नाही. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत आणतो, त्यामुळे तो टाकला की अशा साइट उघडतात. विंडोज ७ आणि ८.१ वर त्याची ११५ ही मालिका शेवटची. क्रोमची १०९ ही शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ला विंडोज १० लागतं.

पण हा इलाज वीजबिल बघण्यापुरता किंवा शाळेचा निकाल काढण्यापुरता आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यावरून बँकेचे व्यवहार, जीएसटी, सभासदांची खाती हे काहीही करू नये. इथं आम्ही मध्यममार्ग सुचवणार नाही. पतसंस्थेत लोकांचे पैसे असतात.

अपडेटनंतर आवाज, वायफाय किंवा प्रिंटर गेला

हे ड्रायव्हरचं प्रकरण. उपकरण आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यामध्ये ड्रायव्हर असतो. विंडोजवर तो बहुतांशी उपकरण बनवणारी कंपनी लिहिते. विंडोज पुढे सरकते, पण कंपनी दहा वर्षांपूर्वीच्या उपकरणासाठी नवा ड्रायव्हर काढत नाही. उदाहरण घ्यायचं तर दुसऱ्या पिढीच्या कोअर आय-३, आय-५ मधल्या इंटेल ग्राफिक्ससाठी इंटेलनं विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढलाच नाही. तिथं विंडोज ८ च्या काळातला ड्रायव्हर चालवून घेतला जातो. तो बहुतेक वेळ चालतो, आणि मोठ्या अपडेटनंतर कधी तरी पडदा झगमगतो किंवा रिझोल्यूशन खाली येतं.

वारंवार होण्याचं कारण बहुतेकदा हे असतं: तुम्ही कंपनीचा जुना, चालणारा ड्रायव्हर टाकता, आणि विंडोज अपडेट त्यावर स्वतःकडचा नव्या तारखेचा ड्रायव्हर चढवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकं असेल तर 'अपडेट ड्रायव्हर' मधून कॉम्प्युटरवरच्या यादीतला जुना निवडा. मग कंट्रोल पॅनल, सिस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, हार्डवेअर, 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' इथं जाऊन 'नो' निवडा. हे शेवटचं पाऊल राहून जातं, म्हणून पुढच्या महिन्यात परत फोन येतो.

पिवळं चिन्ह असलेलं उपकरण कुठलं तेच कळत नसेल तर प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये 'हार्डवेअर आयडीज' बघा. त्यातले व्हेंडरचे चार आणि डिव्हाइसचे चार आकडे-अक्षरं शोधली की चिप कळते. ड्रायव्हर मात्र लॅपटॉप-बोर्ड कंपनीच्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी सॉफ्टवेअर टाकू नका; त्यांनी आणलेली घाण काढताना मूळ दोषापेक्षा जास्त वेळ जातो.

प्रिंटरचं थोडं वेगळं आहे, आणि आपल्याकडे ठरावीकच मॉडेल दिसतात म्हणून नावानिशी सांगतो.

एचपी लेसरजेट १०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) कायमचं राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटर ते त्यात पाठवतो. त्यामुळे ड्रायव्हर अर्धवट असेल तर दिवा हिरवा दिसतो, प्रिंट पाठवलेली दिसते, कागद मात्र ओढला जात नाही. आधी कॉम्प्युटर पूर्ण चालू होऊ द्या, मग प्रिंटरचं बटण बंद-चालू करा. लिनक्सवर यासाठी एचपीलिप (एचपीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) आणि त्याचं वेगळं प्लगिन दोन्ही लागतात. प्लगिन विसरलं की हेच लक्षण.

कॅनन एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि पानाची सगळी जुळणी कॉम्प्युटरवर होते. जेनेरिक ड्रायव्हरवर तो कधीच चालणार नाही. विंडोज ३२ बिटवरून ६४ बिटवर नेली तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच हवा. लिनक्सवर हा प्रिंटर त्रास देतो. ऑफिसमधला मुख्य प्रिंटर हाच असेल तर त्या मशीनवर विंडोज राहू द्या.

डॉट मॅट्रिक्स सगळ्यात जास्त जगतो, कारण त्याची भाषा साधी आहे. एपसनची ईएससी-पी भाषा समजणारा कुठलाही प्रिंटर एपसनच्या नऊ पिनी ड्रायव्हरवर किंवा 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' वर चालतो. अडचण येते ती पोर्टची. अडत दुकानातले पट्टी-पावतीचे जुने डॉस फॉक्सप्रो प्रोग्रॅम थेट एलपीटी-१ ला (जुन्या पॅरलल प्रिंटर पोर्टला) छापतात. नव्या बोर्डावर तो पोर्ट नसतो. यूएसबी ते पॅरलल केबल लावली तर एलपीटी-१ तयार होत नाही, फक्त यूएसबी प्रिंटर दिसतो. उपाय: प्रिंटर शेअर करा आणि 'नेट यूज' आज्ञेनं एलपीटी-१ त्या शेअरला जोडा. किंवा पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवा. हे जास्त टिकाऊ. आणि हे आधीच लक्षात घ्या की ६४ बिटची कुठलीही विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे तो फॉक्सप्रो प्रोग्रॅम नव्या मशीनवर डॉसबॉक्ससारख्या, डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच चालेल. नवं मशीन घेण्याआधी हे तपासा, नंतर नाही.

अपडेटच पूर्ण होत नाही, किंवा 'हा पीसी पात्र नाही' म्हणतं

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात: मायक्रोसॉफ्ट खात्यानं सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी. विंडोज आणि आर दाबून 'विनव्हर' (winver) इंग्रजीत टाइप केलं की दिसते. संस्थांसाठी पहिल्या वर्षाला प्रति मशीन ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढची, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय आणि सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. आधी प्रोसेसर बघा. तो यादीत असूनही मशीन नापास होत असेल तर घाईनं नवं घेऊ नका. बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं पण बंद असतं. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. दुसरं कारण म्हणजे विंडोज लेगसी मोडमध्ये एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर टाकलेली असते. ती पुसावी लागत नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन आत असतं: आधी बॅकअप, मग 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट', आणि नंतर बायोसमध्ये यूईएफआय करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं.

यादीत नसलेल्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. ती चालते, पण दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, परत तोच उद्योग करावा लागतो. शिवाय २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून कर्नललाच एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरमधल्या सूचना लागतात. कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. तिथं विंडोज सुरूच होत नाही, कुठलीही युक्ती चालत नाही. कामाच्या मशीनवर हा मार्ग नको.

एक अपडेट सारखं ८००७०६४३ या कोडनं अपयशी होत असेल, तर ते बहुधा जानेवारी २०२४ चं रिकव्हरी पार्टिशनचं अपडेट आहे. त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागते आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ती नसते. बाकीचे अपडेट त्यामुळे अडत नाहीत.

चालतं सगळं, पण फार हळू

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के असेल तर हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी लावा, २४० जीबी पुरते. बोर्ड साटा-२ चा असला तरी फरक मोठा पडतो. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा) बघा. आकडा शून्य नसेल तर आधी डेटा काढून घ्या, क्लोनिंगच्या (डिस्कची हुबेहूब नक्कल करायच्या) भानगडीत पडू नका.

रॅम घेताना जी-४१ चिपसेटच्या (कोअर टू ड्युओच्या काळातल्या) बोर्डांवर फसवणूक नाही पण घोटाळा हमखास होतो. या बोर्डाला दाट चिपची डीडीआर-३ चालत नाही. ४ जीबीची पट्टी घ्यायची तर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली घ्या. आठ चिपची लावली तर बीप वाजतो किंवा अर्धीच रॅम दिसते.

आणि कॅबिनेट उघडून धूळ बघा. हळदीच्या आणि मिरचीच्या गोदामालगतच्या दुकानात हीटसिंकच्या फटी बारीक भुकटीनं भरतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. पंखा काढा, फटी ब्लोअरनं साफ करा (पंख्याचं पातं बोटानं धरून), जुनी पेस्ट पुसून नवी मुगाएवढी लावा. जत-आटपाडीकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथं एसएमपीएसही तपासा: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी.

विंडोज सोडायची असेल तर

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या सोबतच असतात आणि कर्नल बदलला की तेही त्याबरोबर बदलले जातात. जुनं हार्डवेअर तिथं जास्त टिकतं ते यामुळे. पण तिथंही साथ सुटते. ३८६ प्रोसेसरची साथ कर्नल ३.८ मध्ये, २०१३ साली काढली. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. ३२ बिटच्या मशीनला डेबियन १२ टाका, तिचे दीर्घ मुदतीचे अपडेट ३० जून २०२८ पर्यंत आहेत. ६४ बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, २०२९ पर्यंत चालेल.

आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवा आणि आवाज, वायफाय, प्रोजेक्टर, प्रिंटर, स्लीपमधून उठणं हे सगळं तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून लॅन केबल जवळ ठेवा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. हिशोबाचं मशीन वेगळं ठेवा. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लगेच मिळतो. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने ठराव आणि अहवाल तो फॉन्ट नसेल तर वेडीवाकडी अक्षरं दाखवतील. ते विंडोज चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि दहा-वीस पानं ताडून पाहा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

ज्याला हातच लावायचा नाही असं मशीन

मिरजेच्या दवाखान्यांत, प्रयोगशाळांत एक्स-रे किंवा तपासणी यंत्राला जोडलेला एक्सपीचा किंवा विंडोज ७ चा कॉम्प्युटर असतो. यंत्राचा ड्रायव्हर त्याच विंडोजचा, कंपनी नवा देत नाही. इथं अपडेटचा विचार सोडा. इंटरनेट पूर्ण काढा: लॅन केबल काढून, वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून. डेटा न्यायचा पेनड्राइव्ह त्या एका कामालाच ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर दर वेळी स्कॅन करा. सगळं व्यवस्थित चालत असतानाच पूर्ण डिस्कची इमेज (फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत) घ्या, ती दोन ठिकाणी ठेवा, एक यंत्राच्या खोलीबाहेर. त्या इमेजवरून सुट्या डिस्कवर एकदा प्रत्यक्ष बूट करून पाहा. परत मिळवून न पाहिलेल्या इमेजवर विसंबू नका. शक्य असेल तर तसाच दुसरा जुना बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस घेऊन ठेवा, आणि कॅबिनेटवर साटा मोड कोणता आहे ते मार्करनं लिहा.